पिंजऱ्यात उरलेलं खाणं

गुरुवार, ७ नोव्हेंबर १९४६. सांगली

फरक आहे! निखालस फरक आहे. तीनदा मोजलं.

अ गटातल्या बारा माद्या — सगळ्यात मोठी गाठ हरभऱ्याएवढी. ब गटातल्या बारा — लहानातली लहान शेंगदाण्याएवढी, आणि दोघींच्या तर बोराएवढ्या. उंदरांची जात एकच, मुंबईहून एकाच टोपलीतून आलेली. ह्या जातीच्या माद्यांना स्तनाची गाठ आपोआपच होते. खाणंही एकच — तांदळाचं पीठ, तेल, क्षार, दुधातलं थोडंसं केसीन. फक्त ब गटाला वर चिमूटभर सिस्टीन. एक साधं अमायनो आम्ल! एवढ्यानं इतका फरक?

डॉक्टर आगाशे दवाखाना आटपून मागच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत आले. वही पाहिली. मग चक्क स्टुलावर बसले. ऑगस्टात उंदीर आल्यापासून त्यांना ह्या खोलीत बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अनसूयाबाई, कॅन्सरची पेशी म्हणजे घाईला आलेला गवंडी. आपण त्याच्या विटाच काढून घेतल्या."

साताऱ्याला बावीस डिसेंबरला डॉक्टर मंडळींची सभा आहे. तिथे निबंध वाचायचा. माझं नाव घालणार म्हणाले! अण्णांना आजच पत्र टाकलं. साताऱ्यातच सभा, म्हणजे त्यांना येता येईल. मुलगी बी.एस्सी. होऊन उंदीर पाळते म्हणून त्यांना फार ऐकावं लागलं आहे.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सिस्टीन संपत आलं. विलायतेहून यायचं तेव्हा येईल. केसांतही ते भरपूर असतं, म्हणून आज पुन्हा केस शिजवले.

नानासो न्हाव्यांकडून पोतंभर केस आणतात. नानासो लढाईत इजिप्तला इस्पितळाच्या तुकडीत होते, आता आमचे उंदीर सांभाळतात. केस धुवायचे, वाळवायचे, आम्लात दिवसभर उकळायचे. डांबरासारखं काळं पाणी होतं. ते कोळशातून गाळायचं, सोडा घालून आम्ल मारायचं, आणि मग खाली पांढरी भुकटी बसते. सूक्ष्मदर्शकाखाली सहा कोनी चकत्या, इतक्या नेटक्या की बघत राहावं. वास मात्र लुगड्यातून जात नाही. घरमालकीण गोदावरीकाकू दारातच म्हणाल्या, "आधी न्हाणीत जा बाई, मग बोल."

मंगळवार, १२ नोव्हेंबर

उंब्रजहून एक जोडपं आलं. शालूबाई, वय बत्तीस-तेहेतीस. नवरा मानसिंग, पलटणीत हवालदार होता, ब्रह्मदेशातून परत आला तो उसाच्या शेतीत. बाईमाणूस तपासायचं म्हणून डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

डाव्या बाजूला गाठ. मोठ्या सुपारीएवढी. मिरजेच्या मोठ्या इस्पितळात आधीच दाखवलं होतं. तिथे सांगितलं — लगेच कापायला हवं.

शालूबाई खाली बघून म्हणाल्या, "डाक्टर, कापू नगा. कापल्यावर माणूस घरी येत न्हाई. माझी मावशी आली न्हाई."

मानसिंग म्हणाला, "मी सांगून दमलो. ऐकतच न्हाई. कुणी सांगितलं सांगलीला न कापता बघत्यात, म्हणून हितं आलो."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. मग त्यांना समजावून सांगितलं, ज्यात ज्यात सिस्टीन असतं ते सगळं बंद — दूध नाही, डाळ नाही, मटण-अंडं नाही, भाकरी नाही. भाताची पेज, साबुदाणा, बटाटा, केळं, गूळ. तीन महिने. दर पंधरवड्याला येऊन गाठ मोजून घ्यायची.

"सुरी न्हाई?"

"नाही."

शालूबाईंनी डॉक्टरांचे पाय धरले. मग माझेही! मी मागे सरले. पण खोटं कशाला लिहू — छाती भरून आली होती. आमच्या चोवीस माद्यांनी ही बाई वाचवली असं वाटलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

नानासो पिंजरे झाडत होते. सहज म्हणाले, "बाई, ह्या अ वाल्यांचं खाणं कमी करूया का? रोज निम्मं तसंच उरतंय. मुंग्या लागत्यात."

मी म्हटलं, "कधीपासून?"

"पयल्यापास्नं. ब वाल्या कशा, वाटी चाटून फुसून ठिवत्यात. ह्यास्नी ह्ये आवडतच न्हाई."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी कवा इचारलं?"

खरं आहे. मी कधी विचारलं नाही.

बुधवार, २० नोव्हेंबर

उरलेलं तोलून पाहिलं. अ ची मादी दिवसाला जेमतेम दोन ग्रॅम खाते. ब ची सव्वातीन.

मग वही मागे मागे चाळत गेले. वजनाचा रकाना आहे! माझ्याच अक्षरात, दर आठवड्याला भरलेला. अ — बावीस, वीस, अठरा, सतरा. ब — बावीस, तेवीस, पंचवीस. लिहिलं मी, आणि वाचलं नाही. गाठीच्या रकान्यावरून डोळे हललेच नाहीत.

अ च्या माद्या उपाशी आहेत. दुसरं काही नाही. सगळं अंगच वाळत असेल तर गाठ तरी कशी वाढणार? मग हे सिस्टीनचं काम की भुकेचं?

शालूबाई आठ दिवस पेजेवर आहेत.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

डॉक्टरांना सांगितलं. ते रोग्याला तपासून हात धूत होते.

"भूक सगळ्यांनाच लागते, अनसूयाबाई. शंका घ्यायला हरकत नाही. तपासा."

म्हणजे परवानगी. क गट काढला. राखीव पिंजऱ्यांतल्या दहा माद्या, नुकती गाठ दिसायला लागलेल्या. ह्यांना ब चंच खाणं, सिस्टीन घातलेलं, पण तोलून. अ च्या मादीनं काल जेवढं खाल्लं तेवढंच आज क च्या मादीला. कणभर जास्त नाही. गाठी वाढल्या, तर डॉक्टरांचं खरं. नाही वाढल्या तर —

तर काय, ते आज लिहीत नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

क च्या माद्या दिवसभर पिंजऱ्याच्या तारा चावतात. आवाज ऐकवत नाही. नानासो तर बोलतच नाहीत माझ्याशी.

रविवार, १ डिसेंबर

शालूबाई आल्या. चोळी दंडावर ढिली झाली आहे. गालफडं दिसायला लागली. डॉक्टरांनी गाठ मोजली — तेवढीच.

"बघितलंत? एका रेघेनंही वाढली नाही!" डॉक्टरांचा चेहरा उजळला होता.

एकोणीस दिवसांत किती वाढायला हवी होती, हे कुणाला माहीत आहे? मला नाही. डॉक्टरांनाही नाही. पण मी गप्प राहिले. क चे दहाच दिवस झाले आहेत, आधी कळू दे, असं मनाशी म्हटलं.

जाताना शालूबाई हळूच म्हणाल्या, "ताई, घरात सगळ्यास्नी भाकरी मीच भाजती. वासानं जीव नुसता कासावीस हुतो. पर एक तुकडा तोंडात घातला न्हाई. देवाशपथ."

मला त्यांच्याकडे बघवेना.

बुधवार, ११ डिसेंबर

क मोजले. एकदा मी, एकदा नानासोंकडून, कुठली मादी कुठल्या गटातली हे त्यांना न सांगता.

अ आणि क मध्ये फरक नाही. काहीच नाही. सिस्टीन पोटात जात असूनही क च्या गाठी हरभऱ्यापुढे गेल्या नाहीत.

सिस्टीनचा परिणाम मुळीच नाही असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. ते कदाचित पुढे कुणी दाखवील. पण आम्ही जे मोजलं, ज्यावर निबंध लिहिला, ज्यावर एका बाईचं जेवण तोडलं — ती भूक होती.

गुरुवार, १२ डिसेंबर

सकाळीच गेले. वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी नीट पाहिली. बराच वेळ पाहिली. मग वही मिटली.

"दहा उंदीर! दहा उंदरांवरून तुम्ही मला हे सांगणार?"

"तुम्ही बारांवरून निबंध लिहिलात, डॉक्टर."

असं मी बोलले! माझा मलाच धक्का बसला.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "तीस वर्षं ह्या गावात आहे. किती बायका येतात ठाऊक आहे? गाठ नारळाएवढी झाली की येतात. सुरीच्या भीतीनं घरात कोंडून घेतात आणि कुजून मरतात. त्यांना मी म्हणतो, सुरी नको, नुसतं खाणं बदल — तर त्या लवकर येतील. येतील की नाही?"

"येतील. पण येऊन काय?"

त्यांनी मिटलेली वही माझ्याकडे सरकवली.

"शालूबाईंना मिरजेला पाठवू या," मी म्हटलं. "आजच पत्र टाकते."

"सभा होऊ दे. दहा दिवसांनी काही बिघडत नाही. आणि क गटाचा उल्लेख निबंधात नको. अपुरा प्रयोग आहे तो."

दहा दिवसांनी बिघडत नाही! कुणाचं?

शनिवार, १४ डिसेंबर

अ मधल्या चार माद्यांना आजपासून पोटभर ब चं खाणं दिलं. डॉक्टरांना विचारलं नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

नानासो आज आपणहून बोलले. "लढाईत ज्याची जखम भरंना त्याला आमी दूध-अंडी द्यायचो. उपाशी माणसाची जखम भरत न्हाई, बाई. त्या उंब्रजच्या बाईला उद्या कापायची पाळी आली तर?"

हे मला सुचलंच नव्हतं.

शुक्रवार, २० डिसेंबर

त्या चार माद्या. सहा दिवसांत गाठी दुपटीच्या वर. म्हणजे गाठ मेली नव्हती, दबा धरून बसली होती. खायला मिळालं की उसळली.

 

उद्या डॉक्टरांबरोबर सर्व्हिस मोटारीनं साताऱ्याला निघायचं. वही माझ्याजवळच ठेवली आहे.

शनिवार, २१ डिसेंबर. उंब्रज

मी इथे उतरले. ठरवलं नव्हतं.

कऱ्हाडच्या पुढे डॉक्टर निबंधाचे कागद चाळत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, उंब्रजला दोन मिनिटं उतरून शालूबाईंना बघू या."

"परत येताना."

मोटार उंब्रजला थांबली. माणसं चढली, उतरली. क्लीनरनं हाक दिली. मी पिशवी उचलली आणि उतरले. मागून "अनसूयाबाई!" ऐकू आलं. वळून पाहिलं तर खिडकीत त्यांचा चेहरा — रागावलेला नव्हे, घाबरलेला. मोटार गेली.

मानसिंगचं घर गावाच्या खालच्या अंगाला. गुऱ्हाळ चालू होतं, सगळीकडे काकवीचा वास. शालूबाई ओट्यावर बसल्या होत्या. उठायला गेल्या तर भिंतीला हात लावावा लागला. आत नेऊन पाहिलं. गाठ होती तेवढीच दिसली. मग काखेत बोटं घातली.

काखेत दुसरी गाठ. हरभऱ्याएवढी, घट्ट.

मी डॉक्टर नाही. पण हे मी उंदरांत पाहिलं आहे. आधी एक, मग शेजारी दुसरी.

मानसिंगला बोलावलं. दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. उंदीर, खाणं, भूक, सगळं. आमची चूक झाली, हेही.  शालूबाई टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मानसिंग उठला. "म्हंजी सव्वा म्हैना तिला उपाशी ठिवली ती उगंच? आमी काय उंदीर हाय व्हय तुमचं?"

"नाही," मी म्हटलं. एवढंच बोलता आलं.

"पलटणीत आर्डर चुकली तर माणसं मरत्यात, बाई. मग आर्डर दिणाराला कोण इचारतं? कोणबी न्हाई. तुमालाबी कोण इचारनार न्हाई."

"तुम्ही विचारा. मी उत्तर देईन. पण आधी त्यांना मिरजेला न्या."

शालूबाई रडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "ताई, कापलं तर मी वाचन?"

खोटं बोलायला जीभ उचलली होती. नाही बोलले. "ठाऊक नाही. नाही कापलं तर वाचणार नाही, एवढं ठाऊक आहे."

 मग त्या म्हणाल्या, "आवं, मला भाकरी द्या आधी. कुनीतरी."

मानसिंगच्या आईनं, धोंडुबाईंनी, ज्वारीची भाकरी आणि दूध आणून दिलं. शालूबाई जेवत होत्या आणि मी प्रत्येक घासाबरोबर माझ्या त्या चार माद्या आठवत होते.

आज इथेच राहते आहे. सकाळच्या मोटारीनं सातारा.

रविवार, २२ डिसेंबर. सातारा

शाळेच्या दालनात सभा. चाळीसेक डॉक्टर. अण्णा शेवटच्या बाकावर, धुतलेला कोट घालून. मी पोचले तेव्हा डॉक्टर अर्ध्यावर आले होते. छान वाचतात. गवंडी आणि विटांचं सांगितलं तेव्हा लोक माना डोलवत होते. क गट आला नाही. वजनं आली नाहीत.

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही विचारायचं आहे?"

वाईचे एक तरुण डॉक्टर उठले. "माझ्याकडे सध्या तीन बायका आहेत. शस्त्रक्रियेला तयार नाहीत. उद्यापासून हा आहार सुरू करू का?"

तीन!

डॉक्टर आगाशे टेबलाच्या कडेला हात ठेवून उभे राहिले.  लोक वाट बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना हो म्हणवेना, आणि नाही म्हणायला तोंड उघडेना.

मी उठले.  "करू नका," म्हणाले. आणि वही उघडून वाचली. वजनं. उरलेलं खाणं. क गट. त्या चार माद्या. शालूबाईंचं नाव घेतलं नाही, पण काखेतली गाठ सांगितली. "डॉक्टरांनी मला क गट करायची परवानगी दिली होती," हेही सांगितलं. ते खरंच आहे.

मागून कुणीतरी म्हणालं, "हे आधी का सांगितलं नाही?" मी म्हटलं, "मला आधी कळलं नाही. आणि कळल्यावर दहा दिवस मी गप्प बसले."

ह्या वेळी टाळ्या नव्हत्या. वाईचे डॉक्टर मान खाली घालून काहीतरी खोडत होते. डॉक्टर आगाशे खाली बसले होते, चष्मा हातात. एकदम म्हातारे दिसले.

सोमवार, २३ डिसेंबर. सातारा

 अण्णा चहाच्या वेळी म्हणाले, "अनू, तीस वर्षांचं नाव होतं गं त्या माणसाचं."

"हो."

"खासगीत सांगता आलं नसतं?"

"सांगितलं होतं अण्णा."

मग त्यांनी मला कप भरून दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला चहा ओतून दिला.

शुक्रवार, २७ डिसेंबर. सांगली

मानसिंग शालूबाईंना मिरजेला घेऊन आला. मीही गेले. सर्जननी तपासलं. ऑपरेशन करायलाच हवं, पण आत्ता नाही! अंगात रक्त नाही, ताकद नाही. टेबलावरच जाईल. दोन आठवडे दूध, अंडी, मटण, मग बघू.

दोन आठवडे! पोटात घातलं नाही तर ऑपरेशन सोसणार नाही. घातलं तर गाठ उसळेल. हे त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे. माझ्याच वहीत आहे. सर्जनना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मग रोज मोजू. आणि जमेल त्या पहिल्या दिवशी करू."

डॉक्टर आगाशे दवाखाना उघडत नाहीत. दाराला आतून कडी.

मंगळवार, ३१ डिसेंबर

रोज सकाळच्या गाडीनं मिरज. शालूबाई एका वेळी दोन अंडी खातात. मी समोर बसते. गाठ किंचित मोठी. मला तरी तसं वाटतं. सर्जन म्हणतात, नाही.

शनिवार, ४ जानेवारी १९४७

मोठी झाली आहे. आज सर्जननीही मान्य केलं. रक्त अजून कमी. "आणखी पाच दिवस."

मानसिंग व्हरांड्यात येरझाऱ्या घालतो. माझ्याशी बोलत नाही, पण आज केळीच्या पानात गुळाचा खडा बांधून आणला होता. बाकावर ठेवला आणि लांब जाऊन उभा राहिला.

मंगळवार, ७ जानेवारी

नानासोंनी क च्या माद्यांना पोटभर खायला घातलं. म्हणाले, "बास झालं आता त्यांचं." मी नाही म्हटलं नाही.

गुरुवार, ९ जानेवारी. मिरज

आत नेलं तेव्हा साडेआठ. शालूबाईंनी जाताना मंगळसूत्र मानसिंगच्या हातात दिलं. "हरवू नगा."

तो मुठीत धरून बसला. मी दुसऱ्या टोकाला. दहा झाले. साडेदहा. एक नर्स धावत बाहेर आली, परत आत गेली. मानसिंग उभा राहिला. मीही. कुणाला काही विचारावं असं तिथे कुणी नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "तिला काय झालं तर मी तुमाला सोडनार न्हाई."

"बरं."

"आन् त्या डाक्टरलाबी."

"बरं."

मग तो एकदम खाली बसला, भिंतीला टेकून, आणि गुडघ्यांत डोकं घालून हमसून हमसून रडला. मला काय करावं कळेना. शेजारी जाऊन बसले. एवढंच.

सव्वाअकराला सर्जन आले. रक्त बरंच गेलं, मध्ये नाडी लागेना, पण आता लागते आहे. गाठ काढली, काखेतल्याही काढल्या. "पुढचं आज कुणीच सांगू शकत नाही. पण आजचा दिवस ती जिंकली."

मानसिंगनं मूठ उघडली. मंगळसूत्राचे मणी रुतून तळहात लाल झाला होता.

रविवार, १२ जानेवारी. सांगली

मिरजेला जाऊन आले. शालूबाई उशीला टेकून बसल्या. मला बघून हसल्या. अगदी बारीक आवाजात — "ताई, तुमी त्या दिवशी मोटारीतनं उतरला नसता तर?"

मी म्हटलं, "तसं बोलू नका. तुम्हाला पेज द्यायच्या दिवशीही मी तिथेच उभी होते."

"व्हय की," त्या म्हणाल्या. "मला याद हाय."

रागानं नाही म्हणाल्या. पण म्हणाल्या.

घरी येऊन आज पहिल्यांदा पोटभर जेवले. आता संपलं असं वाटतं. उद्यापासून प्रयोग पुन्हा पहिल्यापासून मांडायचा. वजनाचा रकाना सगळ्यात आधी.

सोमवार, १३ जानेवारी

सकाळी डॉक्टर आगाशे आले. पायी. दाढी वाढलेली. गोदावरीकाकूंनी पाट दिला, बसले नाहीत. खिशातून एक कागद काढून माझ्या हातात ठेवला.

"शालूबाई पहिल्या नव्हत्या."

सहा नावं. सगळ्या बायका. पाटण, औंध, आणखी लहान लहान गावं. पुढे तारखा. पहिली पाटणची बनुबाई, मे महिन्यातली. आमचे उंदीर मुंबईहून आले ऑगस्टात!

"त्यांतल्या किती —" मी विचारलं.

"ठाऊक नाही. पहिल्या दोन-तीन खेपांनंतर एकही परत आली नाही. मी समजलो, बऱ्या झाल्या."

पाटणची मोटार साडेअकराला आहे. डॉक्टर खाली ओट्यावर बसले आहेत. म्हणाले, मी बरोबर येतो.